समोरच्याची खुर्ची

लांजेवार प्रत्येक सभेला स्वतःची खुर्ची घेऊन येत आणि तिच्यावर कधी बसत नसत.

खुर्ची घडीची होती. सागवानी पट्ट्यांची, पाठीची एक पट्टी निघालेली. ती काखोटीला मारून हा माणूस बालाघाटच्या रस्त्याने निघाला की त्या गतीला चालणे म्हणता येत नसे. धावण्यास मनाई आहे म्हणून केलेली ती घाई होती. सभेच्या जागी पोचताच ते खुर्ची उघडत, मधोमध ठेवत, उपरण्याने तिची धूळ झटकत आणि आपण बाजूला उभे राहत. ज्याच्याविरुद्ध बोलायचे, त्याची ती खुर्ची. तो आला तर बसेल. न आला तर रिकामी राहील. मात्र त्याला आधी चिठ्ठी गेलेली असली पाहिजे आणि खुर्ची मांडलेली असली पाहिजे. त्याशिवाय त्या माणसाविषयी एक शब्दही उच्चारायचा नाही. ‘कायद्याचे राज्य मंडळ, बालाघाट’ या संस्थेचा हा पहिला नियम होता. दुसरा मला आठवत नाही. बहुधा नव्हता.

लांजेवार अर्जनवीस होते. कचेरीच्या आवारात चिंचेखाली त्यांची बैठक असे. ज्याला लिहिता येत नाही त्याचे गाऱ्हाणे ऐकायचे आणि ते सरकारला समजेल अशा भाषेत कागदावर उतरवायचे, हा त्यांचा व्यवसाय. मी त्याच आवारातील एका कोर्टात रीडर होतो. न्यायाधीशांसमोर कागद ठेवणे, तारखा देणे, आलेल्या अर्जावर शिक्का मारणे, ही माझी कामे. कोर्टाचे नाव लिहीत नाही. पुढे जी चूक सांगणार आहे ती माझी होती, कोर्टाची नव्हे.

त्यांच्या काळ्या कोटाला दोन पेने असत. एक अशिलांच्या अर्जांचे, दुसरे मंडळाचे. एकाचे काम दुसऱ्याने केलेले मी पाहिले नाही. जेवणातील पदार्थ त्यांना आठवत नसत, कलमे आठवत. एखादे नवे कलम हाती लागले की ते माझ्या खिडकीशी येऊन गजांवर बोटे वाजवीत.

“रीडरसाहेब, बावीसवं कलम वाचलं काय तुमी? पकडलेल्या माणसाले चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करा लागते! प्रवासाचा वेळ सोडून! लिहिलं हाय, बाप्पा, लिहिलं हाय!”

“ते मला ठाऊक आहे, लांजेवार.”

“तुमाले ठाऊक हाय. बैहरच्या जंगलात कोणाले ठाऊक हाय?”

आणि रविवारी ते बैहरच्या बाजारात असत. एक कलम, तीन भाषांत. मराठीत, हिंदीत आणि मोडक्यातोडक्या गोंडीत. गोंडीत ते इतके चुकत की लोक हसण्यासाठी थांबत. थांबले की ऐकत. बहुधा ते मुद्दाम चुकत असावेत. मी विचारले नाही.

छप्पन साली राज्यांची फेररचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. आमच्यापैकी पुष्कळ मराठी कुटुंबांनी नागपूरची वाट धरली. लांजेवारांचे थोरले बंधू नागपुरास होते. त्यांनी पत्रावर पत्र धाडले. लांजेवारांनी एका ओळीत उत्तर दिले, ते मला दाखवलेही: ‘सीमा बदलली, घटना तीच आहे, येत नाही.’ त्यानंतरच्या वर्षी त्यांनी मंडळ काढले. सभासद अकरा; सभेला येणारे पाच. जागा, बिसेन गुरुजींच्या शाळेचा व्हरांडा. गुरुजी इंग्रजी वाचत, म्हणून ते अध्यक्ष.

लांजेवारांच्या पत्नीने मंडळाचा नियम एकदा घरात लागू केला. पती भाजी आणण्यास निघाले, वाटेत कोणाचे तरी गाऱ्हाणे लिहीत बसले आणि रिकाम्या पिशवीने परतले, हे तिसऱ्यांदा घडले होते. बाईंनी स्वयंपाकघराच्या दारात ती खुर्ची उघडून ठेवली आणि म्हणाल्या, “बसा. आज तुमी समोरचे.” लांजेवार निमूट बसले. अर्धा तास स्वतःचा बचाव केला. दोषी ठरले. हे त्यांनी दुसऱ्या दिवशी मला मोठ्या उल्हासाने सांगितले. “निकाल माझ्याविरुद्ध गेला, रीडरसाहेब! पण काय सुनावणी झाली! पूर्ण सुनावणी!” माझ्या माहितीत ते त्या खुर्चीवर तेवढेच एकदा बसले.

बिसेन गुरुजींनी एकदा वर्तमानपत्रात वाचले की निरनिराळ्या देशांतील वकिलांनी परदेशात एक संस्था काढली आहे. जगात कोठेही माणसाला चौकशीशिवाय डांबले तर ती आवाज उठवते. लांजेवारांची त्या रात्री झोप उडाली असावी. सकाळी दहाच्या आत पत्र तयार होते. मजकूर त्यांचा, इंग्रजी गुरुजींचे. ‘आपण जे जगासाठी करता तेच आम्ही बालाघाट, लालबर्रा, परसवाडा व बैहर येथे करीत आहोत. कळावे.’

दोन-अडीच महिन्यांनी पोस्टमन चिंचेखाली आला. परदेशी तिकिटे, जाड पिवळा लिफाफा. पक्षकार, चपराशी, पानवाला, सारे गोळा झाले. एक वकील कोर्टाची पुकार सोडून बाहेर आले. लिफाफ्यात संस्थेची पत्रिका होती. गुरुजींना शाळेतून बोलावून आणले. त्यांनी उभ्याउभ्या वाचून अर्थ सांगितला: दूरच्या एका देशातील सरकारने शेकडो माणसे खटल्याविना तुरुंगात टाकली, म्हणून संस्थेने त्या सरकारचा कडक निषेध केला आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लांजेवारांनी सर्वांत जोरात वाजवल्या आणि मध्येच थांबले.

“गुरुजी, समोरच्याचं कुठी हाय?”

“काय कुठी हाय?”

“त्या सरकारचं म्हणणं. त्याले इचारलं का नाई? त्याची खुर्ची ठेवली का नाई?”

“अहो लांजेवार, ते जालीम सरकार हाय!”

“हौ ना. पण जालीम हाय हे ठरवाच्या आधी त्याचं ऐका लागते. नाई तर तो अन् आपण सारखेच.”

आणि त्यांनी जगाच्या संस्थेला जाब विचारला. बालाघाटच्या चिंचेखालून. गुरुजींनी पत्र सौम्य करण्याचा यत्न केला. लांजेवारांनी एक शब्द बदलू दिला नाही. गावात थट्टा झाली. पानवाला त्यांना रोज विचारी, “क्यों दादा, साहब लोग डर गये क्या?” लांजेवार शांतपणे सांगत, “अभी डाक रास्ते में है.”

डाक पाच महिन्यांनी आली. छापील नव्हे, टंकलिखित पत्र. खाली शाईची सही. संस्थेने कळवले होते की त्या सरकारकडे दोन वेळा खुलासा मागितला होता, उत्तर आले नाही. तथापि ही गोष्ट पत्रिकेत छापायला हवी होती, आणि यापुढे छापली जाईल. चूक दाखवल्याबद्दल आभार.

त्या दिवशी लांजेवार खरोखर धावले. कचेरीपासून शाळेपर्यंत, शाळेपासून घरापर्यंत. लालबर्राच्या बाजारदिवशी भाताच्या गिरणीसमोर एका पोत्यावर उभे राहून त्यांनी ते पत्र वाचून दाखवले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले, “हे गोरे लोक तुमाले कसे वळखतात, बाप्पा?”

“वळखत नाईत,” लांजेवार म्हणाले. “वळखत नसून ऐकलं! हेच तर!”

मी हे दुरून पाहत होतो. लालबर्राला मी कामासाठी गेलो होतो, असे मी तेव्हा सर्वांना सांगितले.

आता तो शनिवार.

दुपारचे तीन वाजले होते. लांजेवार खिडकीशी आले. मागे एक गोंड बाई. तिचे नाव फूलाबाई. बैहरच्या पलीकडच्या एका जंगलखेड्यातून ती बसने आली होती. तिचा नवरा सुखराम याला सागवान तोडल्याच्या संशयावरून गुरुवारी जंगल खात्याच्या लोकांनी लाकडाच्या एका डेपोवर नेले आणि तेथील कोठीत बंद केले. कोठेही नोंद नाही, कोठेही हजर केले नाही. लांजेवारांनी अर्ज लिहिला होता: सुखरामला ताबडतोब कोर्टासमोर आणण्याचा हुकूम व्हावा.

न्यायाधीशसाहेब दोन वाजताच कोर्टातून उठले होते. शनिवारी ते दोनला उठत. मी अर्ज घेतला आणि टोपलीत ठेवला.

“शिक्का, रीडरसाहेब?”

“मारतो. तुम्ही निघा.”

ते निघाले. आमच्या कार्यालयाची एक जुनी चाल होती: शनिवारी साहेब उठल्यानंतर आलेला कागद सोमवारचा समजायचा. माझ्या आधीचा रीडर तसेच करी, त्याच्या आधीचाही. कोणी आज्ञा दिली नव्हती. कोणी हरकतही घेतली नव्हती. सोमवारी सकाळी मी टोपली उपडी केली आणि सर्व कागदांवर सोमवारचा शिक्का मारला. त्या अर्जावरही.

दरम्यान रविवारी सकाळच्या बसने लांजेवार डेपोवर पोचले होते. खुर्ची टपावर. डेपोचा रेंजर आरामात चहा घेत होता. त्याच्यासमोर त्यांनी खुर्ची उघडली.

“बसा, साहेब. तुमच्याविरुद्ध म्हणणं हाय. तुमचं ऐकाले आलो.”

रेंजरला गंमत वाटली. तो बसला. म्हणाला, सुखराम नावाचा माणूस आहे खरा. आज रविवारी सकाळीच पकडला. त्याने कबुलीही दिली, अंगठा उठवला. उद्या चोवीस तासांच्या आत हजर करू. “और कुछ, वकील साहब?” लांजेवारांनी शब्द न् शब्द लिहून घेतला आणि नम्रपणे सही मागितली. रेंजरने हसत हसत सही केली.

सोमवारी लांजेवार माझ्या खिडकीशी आले तेव्हा त्यांना धड बोलता येत नव्हते. गजांतून कागद आत खुपसत ते म्हणाले, “वाचा! रविवारी पकडलं म्हनते तो! स्वतःच्या सहीनं! अन् माझा अर्ज शनिवारचा! रविवारी पकडलेल्या माणसाचं नाव शनिवारच्या अर्जात कसं आलं, सांगा! म्हणजे तो आधीपासून आत होता! म्हणजे बेकायदा डांबून घेतलेली कबुली गेली! सुखराम सुटला! काढा, काढा तो अर्ज!”

मी अर्ज काढून दिला.

त्यांनी शिक्का पाहिला. मग माझ्याकडे पाहिले. पुन्हा शिक्का पाहिला. त्यांनी कोटाचे एक बटण लावले, जे ते कधी लावत नसत, आणि निघून गेले.

दुपारी सुखरामला हजर केले तेव्हा सरकारी वकिलांनी तो शिक्का साहेबांना दाखवला. अटक रविवारची, अर्ज सोमवारचा. अर्थात अर्ज मागाहून रचलेला. सुखरामची कबुली ग्राह्य धरावी आणि खोटा अर्ज लिहिल्याबद्दल अर्जनवीस लांजेवार यांचा परवाना रद्द करावा. साहेबांनी पुढील बुधवारची तारीख ठेवली. तारीख मीच लिहिली. सुखरामला तुरुंगात पाठवले. फूलाबाई आवारात उभी होती.

शनिवारी मला चिठ्ठी आली. दुसऱ्या पेनाच्या शाईत. ‘आपल्याविरुद्ध मंडळापुढे एक म्हणणे आले आहे. उद्या सकाळी नऊ वाजता आपली बाजू ऐकली जाईल. खुर्ची ठेवली आहे.’

मी जाणार नव्हतो. सरकारी नोकराने कुठल्याशा मंडळापुढे का उभे राहावे? दहा वाजता मी भाजीबाजाराला निघालो. शाळा भाजीबाजाराच्या वाटेवर नाही.

व्हरांड्यात पाच सभासद आणि फूलाबाई, सर्व शाळेच्या बाकांवर. मधोमध खुर्ची. लांजेवार तिच्या बाजूला उभे. एक तास झाला होता आणि सभा सुरू झाली नव्हती. बिसेन गुरुजी त्रासून म्हणत होते, “लांजेवार, ते येत नसतात. नियम पाळला आपण. करा सुरू.”

“थांबा जरा. कदाचित बाजारात गेले असन.”

मी पायरी चढलो आणि बसलो. खुर्ची वाटते त्यापेक्षा बुटकी होती. तिच्यावर बसले की सर्वांकडे किंचित वर पाहावे लागते.

मी चाल सांगितली. शनिवारचा कागद सोमवारचा. आधीपासूनचे आहे. हेतू नव्हता. मला वाटले, आता ते माझ्यावर तुटून पडतील. लांजेवारांचा चेहरा उजळला.

“ऐकलं ना गुरुजी? कपट नाई! कोणी फितवलं नाई! चाल हाय, नुसती चाल! मी म्हणत होतो का नाई, त्यांचं ऐकल्याबिगर बोलू नका म्हणून? आठ दिवस झोपलो नाई मी. रीडरसाहेब विकले गेले, असं मनात येऊन राह्यलं होतं. आता मन साफ झालं!” आणि ते माझीच बाजू मांडू लागले: टोपली, कामाचा भार, जुनी पद्धत. ज्याचा परवाना माझ्या शिक्क्याने जाणार होता, तो माणूस माझा बचाव माझ्यापेक्षा चांगला करीत होता.

त्यांना थांबवले फूलाबाईने. ती जागची उठली नाही.

“बाबूजी, ये बताओ. कागज सनीचर को दिया था कि नहीं?”

“शनिवारी दिला होता,” मी म्हणालो.

“तो उधर बोल दो.”

एवढेच. मी उठलो आणि भाजी न घेता घरी आलो.

बुधवारी पुकार होण्यापूर्वी मी साहेबांसमोर उभा राहिलो. रीडर साहेबांच्या शेजारी बसतो. समोर उभा राहत नाही. साहेबांनी चष्मा काढला. मी सांगितले की हा अर्ज शनिवारी दुपारी तीन वाजता माझ्या हाती आला; त्यावरील शिक्का सोमवारी मी मारला; तारीख चुकीची आहे, अर्ज खरा आहे. साहेबांनी विचारले, “हे लेखी द्याल?” मी खिशातून कागद काढला. आदल्या दिवशी लिहून ठेवला होता.

रेंजरची सही आणि माझा कागद शेजारी ठेवले गेले. सरकारी वकील दोनदा उठले आणि दोनदा बसले. साहेबांनी कबुली नाकारली. सुखरामला सोडण्याचा हुकूम होताच मागून कोणीतरी गर्जले, “हौऽऽ!”

साहेब म्हणाले, “लांजेवार, बाहेर उभे राहा.”

“उभा राह्यतो, हुजूर! बरोबर हाय, हुजूर! कोर्टात ओरडणं गैर हाय!” असे ओरडतच ते बाहेर गेले. खिडकीतून मला त्यांचे उपरणे वर उडालेले दिसले. मी मान खाली घातली आणि हुकमावर त्या दिवसाचा शिक्का मारला. शिक्का किंचित तिरका उमटला.

पंधरा दिवसांत माझ्या बदलीचा आदेश आला. बैहर. लांजेवार घरी आले, आदेश उलटापालटा करून पाहिला.

“तुमाले इचारलं काय त्यांनी? खुलासा मागतला?”

“नाही.”

“नाई? न इचारता बदली?” ते दारातच पहिले पेन काढून बसले. माझ्याविरुद्धचे पहिले म्हणणे त्यांनीच मंडळापुढे नेले होते. माझ्या बाजूचा पहिला अर्जही त्यांनीच लिहिला. महिन्याभराने वरिष्ठांनी मला बोलावले, पाऊण तास ऐकून घेतले आणि बदली कायम ठेवली.

“पण ऐकलं ना?” लांजेवारांनी विचारले.

“ऐकले.”

“मग जा. खुशीनं जा.”

मी गेलो. बालाघाटच्या त्या कार्यालयातील शनिवारची चाल त्याच महिन्यात लेखी हुकमाने बंद झाली होती.

शेवटचे ते मला बैहरलाच दिसले. सत्तर सालानंतरचे एखादे वर्ष असेल. कोट सैल झाला होता, पेने दोनच होती. साहेब उठून गेले होते. पावणेचारला खिडकीच्या गजांवर बोटे वाजली. त्यांनी एक अर्ज आत सरकवला आणि फक्त एवढे म्हणाले, “रीडरसाहेब, शनिवार हाय.”

मी त्यांच्यासमोर शिक्का मारला. त्यांनी कागद उजेडात धरला, तारीख वाचली, ओल्या शाईवर फुंकर घातली आणि लहान मुलासारखे हसले.

मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेलो. वाटेवरच्या परसवाड्याला बाजारदिवस होता. बस खच्चून भरलेली. जागा नव्हती. खुर्ची टपावर चढवण्यासाठी कंडक्टरने हात पुढे केला. तो वैतागलेला होता. “दादा, घर की कुर्सी है, अंदर ले लो, बैठ के जाओ. इस उमर में खड़े काहे को रहते हो?”

मीही म्हणालो, “लांजेवार, थकला आहात. आज बसा.”

त्यांनी खुर्ची वर दिली आणि पायरीवर पाय ठेवला.

“मी बसलो, तं समोरचा कुठी बसन?”

बस हलली. घाईत कोणी खुर्चीची घडी घातली नव्हती. टपावर पोत्यांच्या मध्ये ती उघडीच बांधलेली होती, तोंड माझ्याकडे करून. वळण येईपर्यंत मी तिच्याकडे पाहत उभा राहिलो.